लेंकरांच्या चालीनें

मननासाठीं शास्त्रभाग : उत्पत्ति ३३ : १२ ते १७



सुगी आटोपून रानें मोकळीं झालीं म्हणजे मेंढपाळांचे वाडे आपल्या बागलाणांतून जाऊं लागतात, आणि कोणी शेतकरी खतासाठीं दोन रात्री आपल्या शेतांत मेंढरें बसवून घेतो, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. वाडा एका गांवाहून दुसऱ्या गांवास निघतो तेव्हां त्याची चाल कोण ठरवितो, ह्याकडे आपण कधीं लक्ष दिलें आहे काय? धष्टपुष्ट मेंढा ती ठरवीत नाहीं. घोड्यावर बिऱ्हाड लादून पुढें निघालेली मालकीणही ठरवीत नाहीं. काल रात्रीं जन्मलेलें कोंकरूं ती ठरवितें. तें थकलें कीं कळप थांबतो. तें चालेनासें झालें कीं कोणी तरी त्याला उचलून घेतो. ज्या मेंढपाळास हें कळत नाहीं त्याचा कळप फार दिवस टिकत नाहीं.

आजच्या शास्त्रभागांत याकोब हीच गोष्ट आपल्या भावाला सांगत आहे. वीस वर्षांनीं दोघे भाऊ भेटले. एसावाबरोबर चारशें माणसें होतीं, याकोबाबरोबर बायकामुलें व कळप. गळामिठी झाली, अश्रू वाहिले, आणि मग एसाव म्हणाला कीं आतां आपण बरोबरच निघूं. आग्रह प्रेमाचा होता. तरी याकोबानें विनयानें त्यास नाहीं म्हटलें. मुलें कोंवळीं आहेत, दुभतीं जनावरें संगतीं आहेत, एक दिवस जरी त्यांस दामटलें तरी सगळा कळप हातचा जाईल. तेव्हां धन्यानें पुढें व्हावें, मी मागाहून गुरांच्या व लेंकरांच्या चालीनें हळूहळू येईन, असा त्याच्या बोलण्याचा भावार्थ आहे. कोणी म्हणतात कीं ही एसावास टाळण्याची युक्ति होती. कारण याकोब पुढें सेईरास गेला नाहीं, सुक्कोथास थांबला. तसेंही असेल. याकोब युक्तिबाज होता हें शास्त्र आपल्यापासून लपवीत नाहीं. परंतु लेंकरांविषयीं तो जें बोलला तें खरेंच होतें. आणि आदल्या रात्रीची गोष्ट विसरूं नका. यब्बोकाच्या कांठीं झालेल्या झोंबींत त्याच्या जांघेचा सांधा निखळला होता, व सूर्य उगवला तेव्हां तो लंगडत चालला होता. स्वतः लंगडणाऱ्यालाच लेंकरांची चाल समजली.

ह्या वचनावर आम्हीं पूर्वी एकाहून अधिक वेळां उपदेश केला होता, आणि श्रोत्यांनीं तो बरा म्हटला होता. परंतु आमच्या घरीं एक मूल जन्मास येईपर्यंत त्याचा अर्थ आम्हांस कळलेला नव्हता. म्हणून उपदेशकानें सहसा करूं नये तें आज आम्ही करणार आहों. आपल्या घरची हकीकत वाचकांपुढें ठेवणार आहों. तींत आमचा दोषही आहे, आणि तो आम्ही लपविणार नाहीं.

आमचें दुसरें अपत्य, मुलगी, आज आठ वर्षांची आहे. ती पुऱ्या दिवसांची जन्मली, चांगली रडली, अंगावर पिऊं लागली, व आम्हीं देवाचे आभार मानले. डोकें किंचित् मोठें, कपाळ रुंद, हातपाय आंखूड असे वाटत. पण पाहावयास आलेल्या बायांनीं तें हंसण्यावारी नेलें. चार महिने झाले तरी ती मान धरीना. नऊ महिने झाले तरी बसेना. मंडळींत तिच्याच महिन्यांत जन्मलेला एक मुलगा उपासनेच्या वेळीं सतरंजीवर पाऊल टाकूं लागला, तेव्हां आमची मुलगी पालथी पडून डोकें वर उचलण्याची खटपट करीत होती. एका ठिकाणीं आम्हीं तिला दाखविलें. ‘वाट पाहा, एकेका मुलाचें अंग जड असतें,’ असें सांगण्यांत आलें. तें उत्तर आम्हांस गोड लागलें, म्हणून आम्हीं दुसऱ्या ठिकाणीं गेलों नाहीं. आम्हीं दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनें तिच्या उंचीची खूण करण्यास आरंभ केला. दर आठवड्यास तिला भिंतीशीं निजवून सुतळीनें मोजीत असूं, आणि खुणा एकीवर एक पडत होत्या.

एके दिवशीं शेजारच्या एका म्हाताऱ्या आजीनें दारांत उभें राहून अहिराणींत सरळच विचारलें, ‘हाई पोर काबर चालत नही?’ तिच्या मनांत वाईट कांहीं नव्हतें. परंतु त्या रविवारीं आम्हीं आमच्या कुटुंबास म्हटलें, ‘आज तूं घरींच राहा. वारा गार आहे, तिला बाधेल.’ वारा गार नव्हता. पुढच्या रविवारीं दुसरें कारण सांगितलें. असे किती रविवार गेले हें लिहावयास लाज वाटते. ते अकरा होते.

बाराव्या रविवारीं ती आम्हांस न विचारतां मुलीला कडेवर घेऊन आली व स्त्रियांच्या पुढच्या रांगेंत बसली. त्या दिवशीं आमचा विषय हरवलेल्या मेंढराचा होता. घरीं आल्यावर ती शांतपणें म्हणाली, ‘अहो, शंभरांतलें हरवलेलें एक शोधावें म्हणून तुम्ही लोकांना सांगतां, आणि घरांतलें एक लपवून ठेवतां.’ ह्याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, व आजही नाहीं. दुसऱ्या दिवशीं ती मुलीला घेऊन अंगणवाडींत गेली. वर्षांतून दोन वेळां अंगणवाडींतील लेंकरांची तपासणी करण्यास सरकारी वैद्यकीय पथक येत असतें. त्यानें तिला पाहून चिठ्ठी दिली, आणि आम्ही सटाण्यावरून नाशिकास गेलों. हाडांचीं क्षकिरण-चित्रें काढण्यांत आलीं. विकाराचें नांव कळलें: अकाँड्रोप्लासिया.

हा विकार काय आहे, तें आम्हांस समजलें तसें सांगतों. हातापायांचीं लांब हाडें टोकांशीं असलेल्या कूर्चेपासून वाढतात. कूर्चेचें हळूहळू हाड होतें व मूल उंच होतें. शरीराच्या घडणींतील एका सूक्ष्म गुणबीजांत बदल झाल्यामुळें ह्या मुलांत तें काम फार मंद चालतें. हें गुणबीज १९९४ सालीं शास्त्रज्ञांस सांपडलें, त्यास एफ. जी. एफ. आर. ३ म्हणतात. सुमारें २५,००० जन्मांत एक असें मूल जन्मतें. बुद्धि सहसा इतरांसारखीच असते. परंतु डोकें जड, सांधे सैल व स्नायू ढिले असल्यामुळें मान धरणें, बसणें, चालणें हें सर्व उशिरां होतें.

आतां ह्या वचनाच्या उजेडांत तीन गोष्टी आपल्यापुढें ठेवितों.

पहिली गोष्ट ही कीं, लेंकरूं मागें राहिलें हा कोणाच्या पापाचा दंड नव्हे. योहानाच्या नवव्या अध्यायांत जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनीं प्रभूस विचारलें कीं पाप ह्याचें कीं ह्याच्या आईबापांचें. प्रभूनें दोन्ही नाकारलीं, व देवाचें कार्य त्या मनुष्याच्या ठायीं प्रगट व्हावयाचें आहे असें सांगितलें. शिष्य तर्क करीत उभे राहिले. प्रभु कामास लागला. आपल्या खेड्यांत शिष्यांचा प्रश्न अजून विचारला जातो, आणि बहुधा त्याचें बोट आईकडे असतें. ग्रहणांत विळी धरली असेल, पोटांत असतां कांहीं भलतें पाहिलें असेल, देवाचें कांहीं राहिलें असेल. ख्रिस्ती घरांत शब्द बदलतात, बोट तेंच राहतें. अशा जिभांनीं हें ऐकावें: अकाँड्रोप्लासियाच्या दर पांच मुलांपैकीं सुमारें चार साधारण उंचीच्या आईबापांच्याच पोटीं जन्मतात. गुणबीजांतील बदल नव्यानेंच झालेला असतो, आणि तो जवळजवळ नेहमीं पित्याच्या बीजांत झालेला आढळतो. म्हणून बाप दोषी असें नव्हे. तो कोणाच्या वागणुकीचें फळ नव्हे. पण आईकडे वळलेलें बोट मात्र आतां खालीं यावें.

ह्या भीतीचें फळ काय होतें तें पाहा. २६ डिसेंबर २०१९ रोजीं सूर्यग्रहण होतें. आपल्या सोलापुरास लागून असलेल्या कलबुर्गी जिल्ह्यांत त्या दिवशीं कांहीं आईबापांनीं आपलीं अपंग लेंकरें खड्ड्यांत मानेपर्यंत मातींत पुरून ठेविलीं, ग्रहण सुटतांच त्यांच्या अंगांत बळ येईल ह्या आशेनें. मुलें रडत होतीं. अखेर अधिकाऱ्यांनीं येऊन तीं बाहेर काढविलीं. बंधूंनो, त्या आईबापांस हंसूं नका. त्यांनीं तें द्वेषानें केलें नाहीं. ज्यास कोणी खरी वाट दाखविली नाहीं तो वाटेल त्या वाटेनें जातो. आपल्याकडेही लेंकराच्या पोटावर डाग देणारे आहेत, आणि डाग देववून घेणारे आहेत. आम्हीं आमच्या मुलीला मातींत पुरलें नाहीं हें खरें. परंतु अकरा रविवार चार भिंतींत ठेविलें. लोकांच्या नजरेच्या भीतीनें केलें, म्हणजे दोहींचें मूळ एकच.

दुसरी गोष्ट ही कीं, हळू चालणें म्हणजे थांबून राहणें नव्हे. याकोब हळू चालला, पण चालला. ‘देवाची मर्जी’ असें म्हणून हात जोडून बसणें ह्यास पुष्कळ लोक विश्वास समजतात. आम्हीही समजत होतों. विश्वास निराळा. जो देव मर्जी करितो त्यानेंच वैद्यास ज्ञान दिलें आहे.

लेंकरूं साधारण चार महिन्यांपर्यंत मान धरतें, नऊ महिन्यांपर्यंत आधारावांचून बसतें, अठरा महिन्यांपर्यंत आपल्या पायांनीं चालूं लागतें. एखादें मूल थोडें मागेंपुढें होतें, परंतु ही वेळ टळून गेली तर ‘चालेल, चालेल’ म्हणत बसूं नये. उशिराचीं कारणें अनेक आहेत. कोणाच्या अन्नांत उणें असतें, कोणास मुडदूस झालेला असतो, कोणाच्या मेंदूस जन्मवेळीं इजा झालेली असते. कारण वैद्यानें शोधावयाचें. आपण त्यास शोधूं द्यावयाचें.

त्यांतील एका कारणाविषयीं आयांस मुद्दाम सांगतों. एखादें बाळ फार शांत असतें. रडत नाहीं, पिण्यास उठवावें लागतें, सारखें निजतें, कावीळ लवकर उतरत नाहीं, शौचास साफ होत नाहीं, आवाज घोगरा, जीभ जाड, अंग थंड, बेंबी पुढें आलेली. लोक म्हणतात, ‘किती गुणी बाळ! आईला त्रास नाहीं.’ परंतु हीं गळ्यांतील थायरॉईड ग्रंथि जन्मतःच नीट काम करीत नसल्याचीं लक्षणें असूं शकतात. जगांत सुमारें दोन ते चार हजार जन्मांत एका बाळास हा विकार असतो. जन्मानंतर टांचेंतून रक्ताचे थेंब घेऊन तो ओळखतां येतो, आणि थायरॉक्सिनची लहानशी गोळी रोज देणें हा त्याचा उपाय आहे. पहिल्या पंधरवड्यांत ती सुरू झाली तर मूल बहुधा इतर मुलांसारखेंच वाढतें. महिने दवडले तर उंची खुंटते, चालणें लांबतें, आणि बुद्धीची जी हानि होते ती पुढें औषधानें भरून येत नाहीं. एक स्वस्त गोळी, आणि एका आयुष्याचा फरक! आमच्या मुलीस हा विकार नव्हता. पण ह्या वाचकांपैकीं कोणाच्या घरीं असें गुणी बाळ असेल, तर हें पत्र खालीं ठेवून उद्यांच त्यास दाखवावें.

दाखवावयाचें कोठें, ह्याची चिंता नको. २०१३ सालीं केंद्र सरकारनें राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हातीं घेतला, आणि त्याचा आरंभ आपल्याच महाराष्ट्रांत पालघर येथें झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांत जन्मजात दोष, आजार, अन्नाच्या उणिवा व वाढींतील उशीर हे हुडकून त्यांवर फुकट उपचार व्हावेत, हा त्याचा हेतु. अंगणवाडी सेविका, आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्र, ह्यांपैकीं कोणापाशींही पहिला शब्द काढतां येतो. तो शब्द काढण्यास आम्हांस वर्षाहून अधिक काळ लागला, त्यास अंतर कारण नव्हतें.

अकाँड्रोप्लासियाच्या लेंकरासाठीं आम्ही काय शिकलों तेंही सांगतों, कारण कोणास उपयोग होईल. प्रेमानें आम्ही जें करीत होतों त्यांतील कांहीं चुकीचें होतें. उशा लावून तिला बसवीत असूं. वैद्यांनीं तें बंद करविलें; जड डोक्याच्या भारानें कोंवळ्या पाठीस बांक येतो, म्हणून मूल आपण होऊन बसेपर्यंत त्यास बसवूं नये, पाठीला कठीण आधार द्यावा, उचलतांना मान सांभाळावी. कोणी प्रेमानें पांगुळगाडा दिला होता. तोही ती स्वतः उभी राहीपर्यंत माळ्यावर गेला. त्याऐवजीं जागेपणीं रोज थोडा वेळ तिला पालथें निजवून पुढें खुळखुळा धरावा, म्हणजे मान व पाठ आपल्या बळानें घट्ट होतात, असें शिकविण्यांत आलें. निजेंत श्वास अडत असेल, फार घोरत असेल, पायांतील बळ कमी होत असेल, किंवा डोकें भराभर वाढत असेल, तर वाट न पाहतां दवाखाना गांठावा; कारण डोक्याच्या तळाशीं मज्जारज्जूची वाट ह्या मुलांत अरुंद असते. २०२१ सालीं युरोपांत व अमेरिकेंत ह्या विकारासाठीं रोज टोंचावयाच्या एका औषधास मान्यता मिळाली. त्यानें हाडांच्या वाढीस कांहीं वेग येतो, परंतु त्याचें मोल आमच्यासारख्यांच्या हाताबाहेरचें आहे.

सर्वांत अधिक उपयोगी पडलें तें एक साधें कागदाचें पान. वैद्यांनीं आम्हांस एक तक्ता दाखविला. तो अकाँड्रोप्लासियाच्याच मुलांच्या मापांवरून केलेला होता. त्यांचें मूल कधीं मान धरतें, कधीं बसतें, कधीं चालतें, हें त्यांत होतें. आमची मुलगी त्या तक्त्याप्रमाणें बरोबर आपल्या जागीं होती! दाराच्या चौकटीवर ती मागें पडलेली होती. आपल्या वाटेवर ती मागें नव्हती. त्या दिवशीं आम्हांस याकोबाचें बोलणें समजलें. लूकाच्या बाराव्या अध्यायांत प्रभु विचारतो कीं चिंता करून कोणास हातभर वाढ मिळवितां आली आहे काय. आम्हीं सुतळी व पेन्सिल घेऊन तेंच करूं पाहिलें होतें. घरीं येऊन चौकट पुसली. वैद्य मोजतात ते जपण्यासाठीं मोजतात. आम्ही मोजीत होतों तें भिऊन, दुसऱ्यांच्या मुलांशीं तुलना करून.

तिसरी गोष्ट मंडळीसाठीं आहे. याकोबानें लेंकरांस पुढच्यांच्या चालीनें दौडविलें नाहीं. त्यानें वाड्याचीच चाल बदलली. आणि सुक्कोथास पोंचल्यावर घर बांधलें, जनावरांसाठींही खोपटीं केलीं. मंडळीनें हेंच करावयाचें आहे.

जक्कय ठेंगणा होता हें आपण शब्बाथ शाळेंत मुलांस सांगतों. तो वचनभाग पुन्हा वाचा. त्यास प्रभु दिसेना, कारण गर्दी होती. उंची त्याची कमी होती हें खरें. पण त्यास पुढें येऊं द्यावें असें गर्दींत एकालाही वाटलें नाहीं. वाट दिली असती तर झाडावर चढण्याची गरज काय होती? प्रभूनें मात्र झाडाखालीं थांबून, मान वर करून, त्याला नांवानें हांक मारली.

गर्दीनें वाट दिली म्हणजे काय होतें, ह्याचीं उदाहरणें आपल्याच राज्यांत आहेत. मिठू अलूर ह्यांची कन्या मालिनी चिब १९६६ सालीं जन्मली, तों मेंदूच्या इजेमुळें तिचे हातपाय व वाचा तिच्या ताब्यांत नव्हतीं. अशा मुलांस शाळा मिळत नसे. १९७२ सालीं त्या माउलीनें मुंबईस कुलाब्यांत तीन मुलांनिशीं शाळा काढली. तींतूनच स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था उभी राहिली. मालिनीनें पुढें लंडनास उच्च पदव्या मिळविल्या, आणि एका करंगळीनें टंकलेखन करून आपलें चरित्र लिहिलें. नागपूरच्या ज्योति आमगे ह्या १६ डिसेंबर २०११ रोजीं अठरा वर्षांच्या झाल्या, तेव्हां त्यांची उंची ६२.८ सेंटिमीटर भरली व जगांतील सर्वांत ठेंगणी स्त्री म्हणून त्यांची नोंद झाली. जगाचें लक्ष त्या आंकड्याकडे गेलें. आमचें लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेलें: त्यांच्या वर्गांत त्यांच्या मापाचें एक लहान मेज व एक लहान खुर्ची ठेविलेली होती. कोणी तरी शिक्षकानें विचार केला, कोणी तरी सुतारानें रंधा चालविला. वाड्याची चाल बदलणें तें हेंच.

सरकारनेंही आपली चाल बदलली आहे. २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यांत २१ प्रकारचीं अपंगत्वें मोजलीं आहेत, व बुटकेपणा त्यांत नांवानिशीं आहे. शेंकडा ४० किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला असलेल्या मुलास सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेंत फुकट शिक्षणाचा हक्क आहे. तें ओळखपत्र काढून घेण्यांत कमीपणा नाहीं. परंतु कायदा शाळेचें दार उघडील. लेंकराशीं कसें बोलावें हें शिकविणें मंडळीचें काम आहे.

म्हणून मंडळीस आमची ही विनंति आहे. अशा लेंकरास ‘गिड्डी’, ‘बुटका’ अशीं नांवें ठेवूं नका, लाडानेंही नको. आठ वर्षांच्या मुलीशीं आठ वर्षांच्या मुलीसारखें बोला; उंची चार वर्षांच्या मुलीएवढी आहे म्हणून तिला तान्ह्यासारखें उचलून कडेवर घेऊं नका. प्रार्थनामंदिराची पायरी तिच्या पायांस उंच असेल तर खालीं एक फरशी बसवा; पाण्याच्या माठाशेजारीं एक चौरंग ठेवा. नाताळच्या नाटकांत तिला नेहमीं कोंकरूंच करूं नका; तिला पाठांतर येत असेल तर गब्रिएलाचें काम द्या. आणि आईला विसरूं नका. तिला उपदेश पुष्कळ मिळतात. कांदे निघण्याच्या दिवसांत एखाद्या बहिणीनें येऊन ‘आज मी हिला सांभाळतें, तूं जरा नीज’ असें म्हटलें, तर तें आमच्या पुष्कळ उपदेशांपेक्षां प्रभूस प्रिय होईल. ज्या शेजारच्या आजीनें तो प्रश्न विचारला होता तीच पुढें रोज दुपारीं येऊन मुलीपुढें खुळखुळा धरून बसत असे. तिचा प्रश्न आम्हांस टोंचला होता. तिच्याच हातांनीं आमच्या मुलीची मान घट्ट झाली.

आमची मुलगी दोन वर्षें व दोन महिन्यांची असतां, गुरुवारीं स्त्रियांच्या प्रार्थनासभेंत, सतरंजीवर एकटी चार पावलें चालली आणि पांचव्याला बसली. आम्ही तेथें नव्हतों. आम्हांस तें मागाहून कळलें. आज ती शाळेंत जाते. वाट इतर मुलांच्या वीस मिनिटांची, तिची चाळीस मिनिटांची. म्हणून ती वीस मिनिटें आधीं निघते, आणि तिच्या दोन मैत्रिणीही तिच्याबरोबर आधींच निघतात. त्यांस हें कोणी शिकविलें नाहीं. सगळें सुरळीत झालें असें आम्ही म्हणत नाहीं. पाठीची काळजी आहे, रात्रीं तिच्या श्वासाकडे कान असतो, आणि बाजारांत लोक वळून पाहतात हें तिला आतां कळूं लागलें आहे.

गेल्या पावसाळ्यांत एके रात्रीं तिनें आईला विचारलें, ‘आई, मी मोठी होईन का ग?’ आम्ही ओटीवर होतों. आमचा श्वास थांबला. आईनें क्षणभर थांबून म्हटलें, ‘होशील बाळ. उंच होणार नाहींस, पण मोठी होशील.’ मुलगी थोडा वेळ गप्प राहिली, आणि मग म्हणाली, ‘बरं.’ पुढें ती निजली. आम्ही बराच वेळ जागे होतों. तिला खोटें सांगितलें नाहीं, आणि आशाही काढून घेतली नाहीं. इतक्या थोड्या शब्दांत सुवार्ता सांगणें आम्हांस अजून साधलेलें नाहीं.

होशेयाच्या अकराव्या अध्यायांत देव आपल्या लोकांविषयीं बोलतांना राजाची भाषा टाकून आईबापांची भाषा बोलतो. एफ्राईमास आपण चालावयास शिकविलें, त्यास हातांत धरिलें, खालीं वांकून त्यास भरविलें, असें तो आठवण काढून सांगतो. वाचकहो, ज्याच्या पावलांनीं तारे चालतात तो आपल्यासाठीं इतका हळू चालला! आपल्यांत असा कोण आहे कीं ज्यास मान धरावयास, उभें राहावयास, पहिलें पाऊल टाकावयास देवानें कित्येक वर्षें वाट पाहून शिकविलें नाहीं? त्यानें आपल्यास दामटलें असतें तर आपण केव्हांच वाटेंत पडलों असतों. तो थांबला म्हणून आपण येथवर आलों. मग ज्यानें आपल्यासाठीं आपली चाल मंद केली, त्याच्या मंडळीनें एका लेंकरासाठीं आपली चाल मंद करूं नये काय?

येत्या रविवारीं उपासनेस निघतांना आपल्या गल्लींत एक दार असें आहे काय तें पाहा, कीं ज्याच्या आंत एक मूल आहे आणि जें रविवारीं उघडत नाहीं. तेथें जा. प्रश्न विचारूं नका, उपाय सांगूं नका. ‘आम्ही थांबतों, बरोबर चला,’ एवढेंच म्हणा.

हे आकाशांतील बापा, आम्हीं ज्यांस लपविलें त्यांस तूं पाहिलें, ह्याबद्दल आम्हांस क्षमा कर. ज्या आया रात्रीं एकट्या जागतात त्यांच्या उशाशीं बैस. वैद्यांच्या हातांस कौशल्य व जिभेस दया दे. आमच्या घाईच्या पावलांस आवर, आणि तुझ्या लहानांतील लहान जेथवर पोंचलें असेल तेथून आम्हांस पुढें ने. येशूच्या नांवानें मागतों. आमेन.